आरोग्य-संशोधनात समुदायाला सोबत घेताना: पहिल्या भेटीपासून निकाल परत नेईपर्यंत

प्रस्ताव पाठवायला आठवडा उरलेला असतो. अर्जात ‘समुदायाचा सहभाग’ असा एक रकाना असतो आणि तो अजून कोराच असतो. मग कुणीतरी एखाद्या रुग्णगटाच्या अध्यक्षांना फोन लावतं, “ताई, आमच्या अभ्यासाला तुमचा पाठिंबा आहे असं एक पत्र हवं होतं. मजकूर आम्हीच पाठवतो.” ताई भल्या असतात, सही करून देतात. प्रस्ताव मंजूर होतो. वर्षभराने त्याच गटातली माणसं प्रश्नावली भरायला नकार देतात आणि संशोधकांना त्याचं नवल वाटतं.

हे वरातीमागून घोडं आहे. संशोधक आणि समुदाय यांच्या मधल्या जागेत काम करताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लोकांचा विरोध सहसा संशोधनाला नसतो. सगळं ठरून झाल्यावर फक्त मान डोलवायला बोलावलं जातं, त्याला असतो. म्हणून या लेखात पायऱ्या सांगताना मी सुरुवात, पैसे, संमती आणि निकाल यांवर जास्त वेळ घालवणार आहे. समित्यांच्या परवानग्या, अर्ज, मंजुरीपत्रं यांची माहिती तुमच्या संस्थेत मिळेलच.

जाण्याआधी: तुमच्या आधी कोण येऊन गेलं?

कोणत्याही गटाकडे जाताना तुम्ही कोऱ्या पाटीवर लिहीत नसता. त्यांच्याकडे आधी कुणीतरी आलेलं असतं आणि त्याची आठवण राहिलेली असते. कधी ती आठवण एखाद्या दूरच्या घटनेचीही असते. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास चालला. त्यांतल्या ३९९ जणांना आजार होता. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं नव्हतं. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाला होता, तरी तोही त्यांना दिला गेला नाही. या प्रकरणातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही: त्या अभ्यासात समुदायाचा ‘सहभाग’ होता. लोकांचा विश्वास असलेली स्थानिक परिचारिका त्यांच्या संपर्कात होती, चर्च आणि शाळांमधून निरोप पोचत होते. म्हणजे ओळखीची माणसं सोबत घेतली की आदर झाला, असं होत नाही. लोकांचा विश्वास नेमका कशासाठी वापरला जातोय, हे पाहावं लागतं.

तेव्हा पहिली पायरी चौकशीची. या गटासोबत आधी कोणते अभ्यास झाले? त्यांचे निकाल परत आले का? कुणाला त्रास झाला होता का? हे शोधनिबंधांतून अर्धवटच कळतं, बाकीचं लोकांनाच विचारावं लागतं. आधीच्या कुणाचं वागणं चुकलं असेल तर त्याची जबाबदारी झटकू नका. “ते आम्ही नव्हतो” हे खरं असलं तरी समोरच्याच्या दृष्टीने तुम्ही सगळे एकाच दारातून आलेले असता.

‘समुदाय’ म्हणजे नेमकं कोण?

एका आजाराचे रुग्ण, एका वस्तीतले रहिवासी, एका भाषेचे लोक, एका व्यवसायातले कामगार, घरी आजारी माणसाची शुश्रूषा करणारे नातेवाईक, यांतलं काहीही ‘समुदाय’ असू शकतं. घाई असली की आपण नोंदणीकृत संघटनेकडे जातो, कारण तिथे फोन उचलणारं कुणीतरी असतं. तिथून सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथेच थांबू नका.

एक साधी रीत आहे. पहिल्या चार-पाच जणांशी बोलताना प्रत्येकाला विचारा, “या विषयावर आम्ही आणखी कुणाशी बोलायला हवं? आणि तुमच्या बैठकांना सहसा कोण येत नाही?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा. त्यात बहुधा अंथरुणाला खिळलेले, दिवसा कामावर जाणारे, आजार लपवून ठेवणारे आणि गटाच्या नेतृत्वाशी न पटणारे असे लोक निघतात. तुमच्या अभ्यासाचा सर्वाधिक भार कदाचित त्यांच्यावरच पडणार असतो. अशा लोकांसाठी बैठकीची वेळ बदला, घरी जा, फोनवर बोला. सगळ्यांना एकाच खोलीत बसवलंच पाहिजे असं नाही. काही जण मोठ्या बैठकीत गप्प राहतात आणि बाहेर पडताना दारात खरं ते बोलतात. त्या दारातल्या बोलण्यालाही वेळ ठेवा.

गटाचे प्रमुख, वडीलधारे, संस्थाचालक यांच्याकडे मानाने जाणं आवश्यक आहे. पण त्यांनी होकार दिला म्हणजे प्रत्येकाचा होकार मिळाला असं नाही. गटाची परवानगी हा दरवाजा झाला. आत प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारायचंच असतं, आणि प्रमुखांना न कळता नकार देता येईल अशी सोयही करायची असते.

पहिली भेट कागदाशिवाय

पहिल्या भेटीला प्रस्ताव, स्लाइड्स, संमतीपत्र यांतलं काहीही नेऊ नका. सोबत दोनपेक्षा जास्त माणसं नकोत. पांढरे कोट घालून चार जण समोर बसले की बोलणं तिथेच आटतं. स्वतःची ओळख साध्या शब्दांत करून द्या: आम्ही कोण, पगार कुठून मिळतो, या कामातून आम्हाला काय मिळणार आहे. हे शेवटचं आवर्जून सांगा. पदवी, शोधनिबंध, बढती, अनुदान यांतलं काहीतरी तुम्हाला मिळणारच असतं. ते लपवलं की “हे लोक एवढं आमच्यासाठी का करताहेत?” हा संशय मागे राहतो.

मग विचारा आणि ऐका. मला सगळ्यात उपयोगी पडलेले प्रश्न असे: या आजाराबद्दल तुम्हाला रात्री झोप लागू न देणारी गोष्ट कोणती? डॉक्टरांनी कधीच न विचारलेलं काय आहे? अभ्यास झाला आणि त्यातून एकच गोष्ट बदलली, तर कोणती बदललेली हवी? तिसऱ्या प्रश्नाने संशोधनाची दिशा बदललेली मी पाहिली आहे. संशोधकांना वेदना किती कमी होते हे मोजायचं होतं. गटातल्या लोकांना हवं होतं सकाळी स्वतःची कपड्यांची बटणं स्वतः लावता येणं. दोन्ही मोजता येतं. पण दुसरं मोजायचं असतं हे कुणाच्या यादीतच नव्हतं.

काय ठरलंय आणि काय ठरायचंय, हे खरं सांगा

शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. अगदी खाली दिशाभूल, मध्ये माहिती देणं आणि सल्ला घेणं, वर भागीदारी आणि सगळ्यात वर लोकांच्या हाती निर्णय. प्रत्येक अभ्यास सगळ्यात वरच्या पायरीवर असायलाच हवा असं मी म्हणत नाही. आपण कोणत्या पायरीवर आहोत, हे मात्र लोकांना आधी कळायला हवं. सल्ला मागायचा आणि बोलताना ‘भागीदार’ म्हणायचं, याने जितका विश्वास तुटतो तितका स्पष्ट नकारानेही तुटत नाही.

एका कागदावर तीन रकाने करा: ठरून गेलेलं, बदलू शकणारं, पूर्णपणे लोकांच्या हाती असलेलं. औषधाचा डोस आणि सुरक्षा चाचण्या बहुधा पहिल्या रकान्यात असतील. भेटींची संख्या, प्रश्नांची भाषा, लोकांना कुठे आणि कसं विचारायचं हे दुसऱ्यात. निकाल कोणत्या रूपात सांगायचे, हे तिसऱ्यात. तो कागद बैठकीत सगळ्यांसमोर ठेवा. दुसरा आणि तिसरा रकाना जवळजवळ रिकामा निघाला, तर तुम्ही उशिरा आला आहात. ते मान्य करा आणि आराखडा पुन्हा उघडता येतो का ते पाहा.

उशिराची किंमत काय असते, हे एड्सप्रतिबंधक गोळ्यांच्या चाचण्यांमध्ये दिसलं. टेनोफोविर या औषधाची चाचणी कंबोडियात २००४ मध्ये आणि कॅमेरूनमध्ये २००५ मध्ये थांबवावी लागली. ज्यांच्यावर चाचणी होणार होती त्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या गटांनी आणि कार्यकर्त्यांनी साधे प्रश्न विचारले होते: दुष्परिणाम झाले तर पुढे उपचार कोण करणार? चाचणीदरम्यान संसर्ग झाला तर काय? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरं त्यांना वेळेत मिळाली नाहीत. त्यानंतर २००७ मध्ये यूएनएड्स (संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम) आणि एव्हॅक (एचआयव्ही-प्रतिबंधासाठी काम करणारी संस्था) यांनी अशा चाचण्यांत लोकांना कसं सामील करून घ्यावं याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०११ मध्ये ती सुधारली. पुढे सीआयओएमएस या वैद्यकीय विज्ञान संस्थांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत समुदायाच्या सहभागाला स्वतंत्र, सातवी सूचना मिळाली. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०२४ च्या आवृत्तीतही संशोधनाच्या आधी, दरम्यान आणि नंतर लोकांना अर्थपूर्ण रीतीने सामील करण्याचा मुद्दा आला. तुमच्या संस्थेत कुणी “एवढी काय गरज आहे?” असं विचारलं, तर ही कागदपत्रं पुढे ठेवा.

पैसे आणि वेळ

इथे अनेक चांगले संशोधक हात आखडता घेतात, आणि मला याचं खरोखर वाईट वाटतं. त्याच टेबलाभोवती बसलेल्या संख्याशास्त्रज्ञाला तासाचं मानधन मिळतं आणि वीस वर्षं आजार अंगावर काढलेल्या माणसाला मिळतं आभाराचं पत्र. दोघंही आपल्या ज्ञानाचा वेळ देत असतात. म्हणून अंदाजपत्रक करतानाच समुदायाच्या सल्लागारांचं मानधन, प्रवासखर्च, मुलांना किंवा आजारी माणसाला सांभाळण्याचा खर्च, दुभाषी आणि सांकेतिक भाषेचे जाणकार यांच्या वेगळ्या ओळी घाला. नंतर ‘इतर खर्च’मधून काढू म्हटलं की ते निघत नाही. अभ्यासात सहभागी होणाऱ्यांना मिळणारी भरपाई आणि सल्लागारांचं मानधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली इतकी मोठी नको की नको असतानाही माणूस हो म्हणेल. दुसरं कामाच्या मोलाचंच हवं.

पैसे कसे द्यायचे हेही विचारा. कुणाचं बँक खाते घरातल्या दुसऱ्याच्या हाती असतं. कुणाला जादा उत्पन्न दिसलं की मिळणारी सरकारी मदत कमी होण्याची भीती असते. आणि एक बारीक गोष्ट, जी मी एका चुकीनंतर शिकले: पावती, पाकीट, एसएमएस, गाडीवरचा फलक यांपैकी कशावरही आजाराचं नाव येऊ देऊ नका. आमच्याकडून गेलेल्या एका पाकिटावर प्रकल्पाचं पूर्ण नाव छापलेलं होतं. ते पाकीट शेजारच्यांनी घेतलं. एका माणसाने वर्षानुवर्षं जपलेली गोष्ट एका संध्याकाळी सगळ्या मजल्याला कळली. त्यानंतर आम्ही प्रकल्पाला आजाराचा सुगावा न लागू देणारं छोटं नाव घेतलं, आणि ते नाव गटाने सुचवलं.

लेखी करार: विशेषतः नमुन्यांचा आणि माहितीचा

चांगल्या संबंधांना कागद कशाला, असं दोन्ही बाजूंना वाटतं. पण प्रमुख संशोधक बदलतात, गटाचे पदाधिकारी बदलतात, आठवणी बदलतात. दोन-तीन पानी, सोप्या भाषेतला करार पुरतो. त्यात निर्णय कोण घेणार, मतभेद झाला तर कुणाकडे जायचं आणि गटाला मधूनच बाहेर पडायचं असेल तर काय, हे असू द्या. सगळ्यात काळजीपूर्वक लिहायचं ते हे: रक्त, लाळ, ऊतक आणि माहिती यांचा वापर कशासाठी, किती वर्षं, कुणाकडून.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई या आदिवासी जमातीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले. जमातीत मधुमेह वाढत होता आणि त्याचं कारण त्यांना हवं होतं. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया आणि जमातीच्या पूर्वजांचं स्थलांतर यांच्या अभ्यासात वापरले गेले. हे जमातीला कळलं २००३ मध्ये, विद्यापीठातल्या एका पीएचडीच्या सादरीकरणात बसलेल्या त्यांच्यातल्याच एकीमुळे. २०१० मध्ये तडजोड झाली, सात लाख डॉलर दिले गेले आणि उरलेले नमुने परत केले गेले. आपला उगम कुठला, याबद्दल त्या लोकांची स्वतःची श्रद्धा आहे. स्थलांतराच्या अभ्यासाने तिलाच हात घातला होता. संमतीपत्रातली ‘इतर संशोधनासाठी’ ही मोघम ओळ असं नुकसान करू शकते. म्हणून नवा वापर निघाला तर पुन्हा विचारू, असं करारात स्पष्ट लिहा आणि कोण विचारणार त्या पदाचं नाव लिहा.

काही गटांचे स्वतःचे नियम असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी आपली आचारसंहिता जाहीर केली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि ठरलेल्या प्रक्रियेचं पालन. असे नियम असतील तर तुमचा मसुदा बाजूला ठेवा आणि त्यांच्या नियमांपासून सुरुवात करा.

शब्द आणि संमती

संमतीपत्र आणि प्रश्नावली गटासोबत एकेक ओळ मोठ्याने वाचा. भाषांतर करून घेणं पुरेसं नसतं. ‘नियंत्रण गट’ हा शब्द ऐकून एका आजोबांनी विचारलं होतं, “आमच्यावर नियंत्रण कशाला?” तिथे आम्ही ‘नेहमीचे उपचार घेणारा गट’ असं केलं. ‘यादृच्छिक’ऐवजी ‘चिठ्ठी टाकल्यासारखं, कोणत्या गटात जाल हे कुणीच ठरवत नाही’. तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली हे अनेकांना चांगलं वाटतं, कारण रोजच्या बोलण्यात पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं. ‘वंध्यत्व’ लिहिलेलं पाहून कुणी पान उलटतही नाही, तिथे ‘मूल होण्यात अडचण’ असं लिहा. आणि माणसांना ‘केस’ किंवा ‘बळी’ म्हणू नका. एड्ससह जगणाऱ्यांनी १९८३ मध्येच डेन्व्हरच्या जाहीरनाम्यात ‘बळी’ हा शब्द नाकारला आणि आपल्याबद्दलच्या निर्णयांत जागा मागितली होती.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका ओळीने. जवळपास प्रत्येक संमतीपत्रात असतं: ‘तुम्ही कधीही अभ्यासातून बाहेर पडू शकता, त्याचा तुमच्या उपचारांवर परिणाम होणार नाही.’ ती ओळ वाचल्यावर गटातल्या एक बाई बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाहेर पडायचंय हे कुणाला सांगायचं? ज्या डॉक्टरांकडे औषध घेते त्यांनाच ना? मग त्यांच्या तोंडावर कसं सांगू?” समितीत बसलेल्या कुणालाही हे सुचलं नव्हतं. आम्ही उपचारांशी संबंध नसलेल्या एका व्यक्तीचा नंबर दिला. तिला नुसता ‘नको’ असा मेसेज पाठवला तरी पुरे, कारण विचारणार नाही, असं लिहिलं.

समजलं का, असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. त्याऐवजी म्हणा, “मी नीट सांगितलं का ते मला पाहायचंय. घरी गेल्यावर हे कसं सांगाल?” त्यांच्या सांगण्यात ‘डॉक्टर मला नवं औषध देणार आहेत, त्याने बरं वाटेल’ असं आलं, तर थांबा. संशोधन आणि उपचार यांतला फरक पोचलेला नाही. पुन्हा सांगा आणि निर्णय दुसऱ्या दिवसावर ठेवा. रक्त किती घेणार हे सांगताना मिलिलिटर म्हणू नका. पाच मिलिलिटर म्हणजे एक छोटा चमचा. तेवढं रंगीत पाणी नळीत भरून दाखवा.

काम सुरू झाल्यावर

महिन्यातून एकदा तरी गटाला भेटा, काही सांगण्यासारखं नसलं तरी. बैठकीचं इतिवृत्त त्यांच्या भाषेत पाठवा आणि त्यात एक रकाना ठेवा: तुम्ही हे सुचवलं होतं, आम्ही हे केलं, किंवा या कारणाने करता आलं नाही. सूचनेचं काय झालं हे कळलं नाही की माणसं सुचवणं थांबवतात.

अफवा उठतील. ‘रक्त विकतात’, ‘यादी पोलिसांकडे जाते’ असं काहीतरी कानावर येईल. तिला अडाणीपणा समजून उडवून लावू नका. त्या अफवेत एक प्रश्न असतो: माझं रक्त जातं कुठे? यादी कुणाच्या हाती आहे? शक्य असेल तर दोन-तीन जणांना प्रयोगशाळेत नेऊन नमुने कुठे ठेवतात, कुलूप कुणाकडे असतं, हे दाखवा. गटातल्याच माणसांना क्षेत्रकार्यासाठी नेमलं असेल तर त्यांच्याकडे लक्ष द्या. शेजाऱ्याच्या दुःखाची माहिती पोटात ठेवून त्याच गल्लीत राहायचं, याचा ताण मोठा असतो. त्यांना बोलायला जागा आणि नको त्या घरी न जाण्याची मुभा हवी.

निकाल आधी त्यांच्याकडे

निकाल छापून येण्याआधी गटासमोर ठेवा. आकडे बदलण्याचा अधिकार कुणालाच नाही, त्यांनाही नाही आणि तुम्हालाही नाही, हे करारातच ठरलेलं असू द्या. पण आकड्यांचा अर्थ काय, एखाद्या वाक्यामुळे साऱ्या गटावर शिक्का बसेल का, वस्तीचं नाव द्यायचं का, हे त्यांच्याशी बोलूनच ठरवा. एका वस्तीत एखादा आजार जास्त आढळला आणि ते नावासकट बातमीत आलं, तर तिथल्या लोकांना नोकरी मिळण्यापासून लग्न जमण्यापर्यंत अडचणी येतात. अनेकदा ‘या वस्तीत’च्या जागी ‘जिथे पाणी उशिरा येतं अशा भागांत’ असं लिहिणं जास्त अचूक ठरतं, कारण आजाराचं कारण तिथे असतं.

श्रेयाचंही आधी बोला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकपदाचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात भाग, अंतिम रूपाला मान्यता आणि कामाची जबाबदारी. ते सगळ्यांना समजावून सांगा आणि ज्यांना लेखक व्हायचं आहे त्यांना मसुदा वाचायला वेळ आणि मदत द्या. ज्यांना नाव नको असेल त्यांचा आभारातसुद्धा उल्लेख करू नका, आधी विचारा.

निकाल ‘काहीच फरक पडला नाही’ असा आला तरी जा. तेव्हा तर नक्की जा. माणसांनी वर्षभर खेपा घातलेल्या असतात. औषध चाललं नाही हे त्यांना तुमच्या तोंडून, समोर बसून कळायला हवं. अनुदान संपलं असेल तर या शेवटच्या भेटीचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात बाजूला काढून ठेवलेले असले पाहिजेत.

आणि संमतीपत्रावरचा तो फोन नंबर. प्रकल्प संपला की सिम बंद होतं, नेमलेली व्यक्ती दुसरीकडे जाते. पण कुणाला तीन वर्षांनी त्रास होतो, कुणाला आपले नमुने नष्ट करून हवे असतात. नंबर संस्थेच्या नावावर घ्या, किती वर्षं चालू राहील ते कागदावर छापा, आणि दर सहा महिन्यांनी स्वतः तो लावून पाहा की पलीकडे कुणी उचलतंय का.